आईच्या खोलीतली तिसरी फरशी

फरशी कुठली घालावी हे विचारायला आमच्या सोसायटीतली माणसं अजूनही माझ्याकडे येतात. एकाच खोलीत तीन फरशा बघितलेला दुसरा माणूस दिल्लीच्या अख्ख्या द्वारकेत नसावा. त्यातली मधली तर खालून तापणारी होती, आणि ही कीर्ती पार शेजारच्या सेक्टरपर्यंत गेलेली आहे. मी येणाऱ्याला चहा पाजतो आणि तपशिलात सल्ला देतो. दगड घाला किंवा टाइल घाला. तार आणि पाय यांच्यामध्ये मऊ काही येऊ देऊ नका. तापमान मोजणारी सुई फरशीच्या पोटातच बसवून घ्या, भिंतीवर नको. लोक वहीत लिहून घेतात. "आपको तो बड़ा एक्सपीरियन्स है," म्हणतात. मी मान डोलावतो आणि बिस्किटाची बशी पुढे करतो. हे ज्ञान मला कसं मिळालं ते कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी विनोदी सांगून वेळ मारून नेली असती, कारण माझ्या फजितीच्या गोष्टी मी चांगल्या सांगतो अशी माझी ख्याती आहे. ही एक गोष्ट तेवढी मला अजून चांगली सांगता येत नाही.

मी केंद्र सरकारच्या एका खात्यात फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोचवण्याचं काम करत असे. वीस-बावीस वर्षं सरकारी क्वार्टरात काढल्यावर सोसायटीचा फ्लॅट हातात आला, तेव्हा द्वारकेत रस्ते रुंद आणि माणसं तुरळक होती. मेट्रोचे नुसते खांब उभे होते. पण बाजार उघडला होता. आमच्या पिढीनं आयुष्यभर एकाच प्रकारच्या स्कूटरची वाट पाहिली. मिळाली की पेढे वाटले. आता एकदम दुकानदार विचारायला लागला, "कौन सा दिखाऊँ?" निवडायची सवयच नव्हती. त्यामुळे आम्ही प्रत्येक रविवारी शोरूम बघत हिंडायचो आणि घरी येऊन भांडायचो.

बिल्डरनं दिलेली पहिली फरशी मोझॅकची होती. दिल्लीत तिला 'चिप्स का फर्श' म्हणतात. मी फोनवर आईला कौतुकानं सांगितलं, "सगळ्या घरात चिप्स आहेत." ती म्हणाली, "मग मुंग्या होतील रे."

आई कऱ्हाडला एकटी राहायची. वडील गेल्यानंतर तिनं पायाच्या शिलाई मशीनवर लोकांचे ब्लाउज शिवून मला शिकवलं होतं. दिल्लीला यायला ती एका अटीवर तयार झाली: मशीन बरोबर आलं पाहिजे. ते गोधडीत गुंडाळून रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून आलं. आमचा मुलगा शिकायला पुण्याला गेला होता, म्हणजे आम्ही दिल्लीत घर घेतलं आणि तो महाराष्ट्रात परत गेला. त्याच्या रिकाम्या खोलीत आईनं दुकान मांडलं. महिन्याभरात सोसायटीतल्या निम्म्या बायका तिच्याकडे यायला लागल्या.

तिची हिंदी हा स्वतंत्र विषय होता. मराठी वाक्याच्या शेवटी 'है' लावलं की हिंदी होते, असा तिचा शोध होता. "ये बाही घट्ट है." "काज-बटन उद्या है." बायकांना सगळं कळायचं. एकदा माप घेताना ती एका पंजाबी बाईला मोकळेपणानं म्हणाली, "तुम बहुत जाडी हो गई है." बाई म्हणाली, "हाँ माताजी, जाड़ा तो इस बार बहुत हो गया है." एकीनं वजनाबद्दल सांगितलं, दुसरीनं थंडीबद्दल ऐकलं, आणि दोघी खूश. हा किस्सा मी ऑफिसात किती वेळा सांगितला असेल याची मोजदाद नाही. आईच्या आवाजाची नक्कल करून सांगायचो. लोक पोट धरून हसायचे.

पहिल्याच जानेवारीत मी आईला पानिपतला घेऊन गेलो. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला काला अंब दाखवायचा, हे आम्हा दिल्लीतल्या मराठी लोकांचं कर्तव्यच असतं. स्मारकापाशी आईनं चपला काढल्या. मी म्हटलं, "आई, गारठा आहे, घाल." ती म्हणाली, "एवढी माणसं इथं पडली, आणि मी चपला घालून फिरू?" धुक्यात ती अनवाणी सगळं बघत हिंडली. येताना बाजारातून तिच्यासाठी एक जाड पानिपती कांबळं घेतलं.

घरी आल्यावर बायको एकदम ओरडली. चिप्सच्या फरशीवर दारापासून खोलीपर्यंत रक्ताचे ठिपके होते. आईच्या उजव्या तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला होता, चांगला बोटाच्या पेरभर.

"अगं बाई," आई पाय बघत म्हणाली, "हा कधी गेला?"

"पानिपतात जखमी झालीस तू," मी म्हटलं, आणि आम्ही तिघंही हसलो.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आईला डोळे मिटायला सांगून तळपायाला जागोजागी टाचणी टोचली आणि "कुछ लगा?" असं विचारत राहिले. आई डोळे मिटून शांत बसली होती. टोचायला सुरुवात झाली आहे हे तिला कळलंच नव्हतं. रक्तातल्या साखरेनं पायांची जाणीव खाल्ली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं. पाय रोज बघायचे, तळव्याखाली आरसा धरून. अनवाणी चालू द्यायचं नाही. शेकायचे नाहीत. "गरम पानी की थैली बिल्कुल नहीं. हीटर के सामने पैर नहीं. जलेगा तो इनको पता नहीं चलेगा." मी घरी येऊन रबरी पिशवी आईच्या देखत कचऱ्यात टाकली. आरसा विकत आणला. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की आईचे पाय मांडीवर घेऊन आरसा धरायचो. ती लाजायची. "दाढी कर त्यात, दाढी," म्हणायची.

पण तिला थंडी सोसेना. "पायांना काही कळत नाही रे," ती म्हणाली, "पण गारठा गुडघ्यापर्यंत चढतो. मग पायटं मारवत नाही." पायटं मारता आलं नाही तर मशीन बंद, आणि मशीन बंद म्हणजे तिच्या लेखी कऱ्हाडला परत जायचं. तिकडे तिच्या पायांकडे बघायला कुणी नव्हतं. मला तिला दिल्लीत ठेवायचं होतं आणि तिच्या पायांवर उभं ठेवायचं होतं. माझं ध्येय एवढंच होतं. ते उत्तम होतं हे आजही सांगतो.

पुढच्या उन्हाळ्यात कीर्तीनगरच्या एका शोरूममध्ये मी गरम फरशी पाहिली. दुकानाच्या मधोमध एक चौकोन होता. टाय लावलेला विक्रेता म्हणाला, "सर, जूते उतारकर खड़े होइए. कोरिया में हर घर में है." एसीमुळे दुकान थंडगार होतं. मी बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता. त्या अंगठ्याला खालून जे काही लागलं, ते मी आयुष्यात विसरणार नाही. शेगडीसारखी धग त्यात नव्हती. कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या गादीसारखं ते मऊ लागत होतं. मी इतका वेळ तिथे उभा राहिलो की शेवटी त्यांनी मला चहा दिला.

बायको म्हणाली, "अहो, पण डॉक्टरांनी शेकायचं नाही सांगितलंय ना?"

"हे शेकणं नाही. ही फरशी आहे," मी म्हटलं.

"आणि ती तापली तर?"

"तापत नाही ती. कोमट होते. सायन्स आहे."

त्या बाईनं पदवी रसायनशास्त्रात घेतली होती आणि ती शाळेत विज्ञान शिकवत होती. मी इतिहासात जेमतेम पास झालेलो होतो.

फरशीखाली घालायच्या विजेच्या तारेचं वेटोळं घेऊन झाल्यावर वर काय घालायचं हा प्रश्न उरला, आणि खिशात फारसं काही उरलं नव्हतं. माझ्या निवडीची रीत सांगतो, म्हणजे माणसानं कसं निवडू नये ते कळेल. आमचा मिस्त्री राजस्थानचा होता, अर्ध्या द्वारकेतलं काम त्यानं केलेलं. तो म्हणाला, कोटा घाला, स्वस्त आहे, दगड आहे, गरमी घेतो आणि देतो. पण कोटा आमच्या ऑफिसच्या संडासात होता. आयुष्यभर ज्या दगडावर उभं राहून रांग लावली तो आईच्या खोलीत घालायचा, हे मला पटेना. टाइल घसरते म्हणून मी बाद केली. विनाइलच्या चादरीला टायरसारखा वास येत होता. आणि मग मला ते लाकूड दिसलं.

लाकूड म्हणजे लॅमिनेट. दाबलेल्या भुशाची पट्टी आणि वर सागवानाचं चित्र. कुठल्याशा प्रदर्शनात स्टॉलला घालून काढलेला माल होता, म्हणून मातीमोल मिळत होता. दुकानदारानं वर फोमचं भेंडोळं फुकट दिलं, पट्ट्यांखाली अंथरायला. फुकट मिळालेली वस्तू न वापरण्याची ताकद माझ्या अंगात नाही.

मिस्त्रीनं फोम दोन बोटांत दाबून बघितला. "बाबूजी, नीचे आग, बीच में गद्दा, ऊपर गत्ता. गरमी जाएगी किधर?"

"लकड़ी गरम होती है, भाई. हात लगाके देखो."

"लकड़ी गरम *लगती* है, बाबूजी. होती नहीं."

मी त्याला माहितीपत्रक दाखवलं. ते त्याला वाचता येत नव्हतं. मीही ते पूर्ण वाचलेलं नव्हतं, पण ते माझ्या हातात होतं.

शेवटची काटकसर तारेच्या कंट्रोलवर. दोन प्रकार होते. महागाच्या कंट्रोलला एक लांब सुई होती. ती फरशीच्या पोटात पुरायची. फरशी ठरलेल्यापेक्षा जास्त तापली की वीज आपोआप बंद. स्वस्तातला भिंतीवर लावायचा, तो खोलीतली हवा मोजायचा. मी भिंतीवरचा घेतला. विजेचा बोर्ड खिडकीशेजारी होता म्हणून मिस्त्रीनं तिथेच बसवला. खिडकीच्या फटीतून वारा यायचा. म्हणजे खोलीत कितीही उबारा झाला तरी त्या बिचाऱ्या कंट्रोलला कायम हुडहुडी भरलेली असणार, आणि तो वीज काही बंद करणार नव्हता. हे आज मला इतकं सरळ दिसतं की सोसायटीतल्या शेंबड्या पोरालाही समजावून सांगता येईल. तेव्हा मला फक्त सागवान दिसत होता.

थंडी आली तशी मी समारंभानं बटण दाबलं. दोन दिवस काहीच झालं नाही. फोम आपलं काम चोख करत होता. मी कंट्रोलचं चाक शेवटपर्यंत फिरवून ठेवलं. चौथ्या-पाचव्या दिवशी फरशी कोमट झाली. आई मोजे घालून तिच्यावर उभी राहिली, मग खाली बसून तिनं तळहात टेकवला आणि म्हणाली, "ऊब आहे रे! अगदी चुलीपुढं बसल्यासारखी." मी पेढे आणले. ऑफिसात सांगितलं. शेजाऱ्यांना बोलावून त्यांचे बूट काढायला लावले.

मशीनशेजारी आईनं गादी घातली. शिवून झालं की ती गादीवर पाय लांब करून हातशिलाई करायची. पाय गादीच्या बाहेर फरशीवर, वर गोधडी, त्यावर पानिपतचं कांबळं. ऊब कशी छान कोंडून राहायची. आरसा मात्र कपाटात गेला. मुद्दाम ठेवला नाही. पण पायांची काळजी आता फरशी घेत होती, मग मी एक दिवस विसरलो, दुसऱ्या दिवशी दमलो होतो, आणि मग रोज धरायचं कारण राहिलं नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी, बायको तिचे पाय धुऊन द्यायची, तेवढं पुरेसं आहे असं मी ठरवून टाकलं.

आम्ही दोघं नोकरीला गेलो की आईजवळ एक बाई असायची. बिहारची, चाळिशीची, आईला 'माताजी' म्हणायची. जेवण, गोळ्या आणि गप्पा बघायची. रोज संध्याकाळी मी दारातूनच ओरडायचो, "आई, ऊब आहे ना?"

"आहे की," आतून आवाज यायचा. "भरपूर आहे."

एका सोमवारी बाई निघताना म्हणाली, "भैया, माताजी को बहुत ऊब हो रही है. दिन भर यही बोलती हैं, बहुत ऊब है, बहुत ऊब है."

मला वाईट वाटलं. खरंच, दिवसभर एका खोलीत बसून म्हातारं माणूस कंटाळणार नाही तर काय? दुसऱ्या दिवशी मी एक छोटा रेडिओ घेऊन आलो. आई म्हणाली, "कशाला रे खर्च?" पण तिनं तो गादीशेजारी ठेवून घेतला. बुधवारी बाई पुन्हा म्हणाली, "रेडियो से भी ऊब नहीं गई, भैया." मी तिला सांगितलं, दुपारी थोडं पार्कात नेऊन आणत जा. पण बाहेर धुकं होतं. गुरुवारी ऑफिसातून लवकर निघालो, दिल्लीतल्या महाराष्ट्राच्या अतिथिगृहात ओळखीचा एक माणूस होता, त्याच्याकडून जुने दिवाळी अंक मागून आणले. पिशवीभर. आई हरखली. शुक्रवार-शनिवार ती गादीवर बसून वाचत राहिली, एरवीपेक्षा जास्त वेळ, हलली म्हणून नाही.

रोज संध्याकाळी मी विचारत होतो. रोज ती म्हणत होती, भरपूर आहे.

रविवारी बायको कोमट पाण्याचं घमेलं घेऊन आत गेली. मी बाहेर पेपर वाचत होतो. तिनं मला हाक मारली नाही. बराच वेळ आतून काहीच आवाज आला नाही, म्हणून मी गेलो. ती आईच्या पायाशी बसली होती आणि उजव्या पायाचा मोजा अर्ध्यावर थांबला होता. टाचेपाशी तो निघत नव्हता. लोकर कातडीला चिकटली होती.

"काय झालं?" आई आळीपाळीनं आमच्या तोंडाकडे बघत विचारत होती. "भोक पडलंय का मोज्याला? राहू दे, मी रफू करते."

पाणी घालून घालून मोजा सोडवला. टाच काळी होती. भाजून फोड आला होता, तो कधीतरी फुटला होता, आणि त्यावरही ती दिवसेंदिवस तशीच टेकलेली राहिली होती. बायकोनं हात फरशीवर ठेवला आणि झटकन मागे घेतला. मग मी ठेवला. गोधडीखाली, ज्या जागी आई टाच टेकवायची, तिथे माझा हात दहा आकडे मोजेपर्यंतही टिकला नाही.

हॉस्पिटलात आधी ते म्हणाले टाच साफ करू. मग म्हणाले, जखमेत पू झाला आहे. मग मोठे सर्जन आले आणि आमच्याशी न बोलता एकमेकांशी बोलायला लागले, तेव्हाच मी समजलो. त्या दिवसांत एका दुपारी बाई डबा घेऊन वॉर्डात आली. आईच्या उशाशी उभी राहून रडायला लागली. "माताजी, आप तो ऊब-ऊब बोलती रहीं, ये पैर का क्यों नहीं बोला?"

आई थकल्या आवाजात मला म्हणाली, "हिला सांग रे. मी हिला रोज तेच सांगत होते."

"काय सांगत होतीस?"

"की ऊब फार होतेय. बसवत नाही. मांडीला चटके बसायचे, हात टेकला की कळायचं. म्हटलं ना तिला, बहुत ऊब है. चांगलं हिंदीत सांगितलं." मग म्हणाली, "तू रेडिओ आणलास. मला वाटलं, तुला सांगितलं असेल तिनं, आणि तू म्हणत असशील, असू दे, चालेल एवढी."

बाई माझ्याकडे बघत होती. तिला मराठी कळत नव्हती. मी तिला काय समजावणार होतो? की तुमच्या हिंदीत ऊब म्हणजे कंटाळा आणि आमच्या मराठीत ऊब म्हणजे माया, गोधडी, चूल? तिची काहीच चूक नव्हती. तिनं जे ऐकलं ते जसंच्या तसं माझ्या हातात आणून दिलं होतं. ते मराठी होतं हे ओळखू शकणारा, रोज संध्याकाळी तोच शब्द दारातून ओरडणारा एक माणूस त्या घरात होता, आणि त्यानं तो हिंदीत ऐकला. 'जाडी' आणि 'जाड़ा'चा किस्सा सांगून ज्यानं अख्खं ऑफिस हसवलं होतं, त्यानं.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "मी रोज विचारत होतो."

"तुला सांगत होतेच की. भरपूर आहे म्हणून." आईनं पांघरूण नीट केलं. "एवढ्या हौसेनं केलंस तू. नको कसं म्हणायचं?"

पाय गुडघ्याच्या खाली काढला. उजवा. पायटं मारताना जोर लावायचा तो.

ती हॉस्पिटलात असतानाच मी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं मशीनशेजारच्या पट्ट्या उचकटल्या. त्या जागी फोम उरलाच नव्हता. वितळून तारेवर पिवळा गोळा होऊन बसला होता, आणि तार सरळ लाकडाला भिडली होती. पट्टीच्या खालच्या बाजूला टाचेपेक्षा थोडा मोठा तपकिरी डाग होता. वरून सागवान तसाच चकचकीत. मिस्त्री "मैंने तो कहा था" म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो. मला ते ऐकायचं होतं. तो म्हणालाच नाही. पट्ट्या भिंतीला टेकवून तो उकिडवा बसला आणि विचारलं, "माताजी वही, जो मशीन चलाती थीं?"

"हाँ."

"मेरी बिटिया की फ्रॉक उन्होंने सी थी." मग पट्टीवरचा भुसा झटकत, "अब क्या डालूँ?"

"कोटा."

"और तार? नई सुई लगा दें तो काम आ जाएगी."

मी बोलायच्या आत दारातून बायको म्हणाली, "उखाड़ दो."

आई घरी आली तेव्हा नवी फरशी पुसून कोरडी झाली होती, ऑफिसच्या संडासासारखी हिरवट. आईला ती आवडली. "कऱ्हाडच्या शहाबादीसारखी दिसते," म्हणाली. मशीनला मी छोटी मोटर बसवून आणली होती. तिनं एकदा बटण दाबून बघितलं. मशीन एकदम धावत सुटलं, कापड ओढून घेतलं, दोरा तुटला. तिनं बटण बंद केलं आणि मशीनवर कव्हर घातलं. "हे आपलं ऐकत नाही," एवढंच म्हणाली. पुन्हा ती मशीनवर बसली नाही. सोसायटीतल्या बायका काही दिवस कापडं घेऊन येत राहिल्या, मग यायच्या थांबल्या. एकीनं विचारलं तेव्हा आई म्हणाली, "अब नहीं है." ते वाक्य तिचं बरोबर हिंदी होतं.

त्याच थंडीतली एक संध्याकाळ. मी ऑफिसातून आलो. दारातून काही विचारायचं मी सोडून दिलं होतं. बूट काढायचो, आत जायचो, आधी डाव्या पायाखाली आरसा धरायचो. आई खुर्चीत बसली होती, मांडीवर एक दिवाळी अंक. आरसा धरून झाल्यावर ती म्हणाली, "पायाला गार लागतंय रे."

मी डावा पाय दोन्ही हातांत घेतला. तो कोमट होता. तिला त्या पायाला काही लागणं शक्यही नव्हतं.

"याला?"

"त्याला कुठं काय कळतंय? याला नाही." ती अपराध्यासारखी हसली. "दुसऱ्याला. वेड्यासारखं आहे, पण लागतंय खरं. पूर्वी कधी लागलं नाही, आता लागतं. बोटं अगदी काकडतात."

डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की असं होतं, काढून टाकलेला अवयव पुष्कळ दिवस जाणवत राहतो. पण माझी आई ज्या पायात काटा मोडलेला ओळखू शकली नव्हती, भाजलेलं ओळखू शकली नव्हती, तो पाय नसताना तिला त्याची बोटं कळत होती.

"काय करू?" मी विचारलं.

"काही नको. घाल काहीतरी वर, झालं."

मी कपाटातून पानिपतचं कांबळं आणलं. डाव्या पायावर घातलं, आणि जिथे उजवा असायला हवा होता तिथे फरशीवर पसरून त्याच्या कडा आत खोचल्या, लहान मुलाच्या खोचाव्यात तशा. तिनं अंक उघडून वाचायला सुरुवात केली. मी कांबळ्याखालून हात घातला आणि त्या रिकाम्या जागी फरशीवर तळहात टेकवून बसलो. फरशी गार होती. मी दहापर्यंत मोजलं, मग पुन्हा दहापर्यंत. गारच होती. तरी मला हात काढवेना.